गोदूताई : नाव वसाहतीचे, वारसा संघर्षाचा

सोलापूर शहरातील वस्त्यांच्या नावांमध्ये शहराचा इतिहास दडलेला आहे. मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ वारांवरून ओळखल्या जातात, भवानी पेठेला देवीचे नाव लाभले आहे, तर सात रस्ता हे नाव तेथे एकत्र येणाऱ्या रस्त्यांनीच दिले. सात रस्ता परिसरातून निघून अक्कलकोट रस्त्याने कुंभारीकडे गेले, की दहा हजार घरांची एक विस्तीर्ण वसाहत लागते. सोलापूरकर तिला ‘विडी घरकुल’ म्हणतात. तिचे मूळ नाव मात्र कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांचे आहे. सोलापूरच्या नसलेल्या या स्त्रीचे नाव येथील हजारो उंबरठ्यांशी कसे जोडले गेले, हे समजण्यासाठी त्यांच्या जीवनाकडे वळावे लागते.

गोदावरी गोखले यांचा जन्म १९०७ मध्ये पुण्यातील एका सुखवस्तू वकील कुटुंबात झाला. फर्ग्युसन महाविद्यालयात शिक्षण घेऊन त्यांनी पुढे कायद्याची पदवी संपादन केली. कायद्याच्या पदवीधर झालेल्या महाराष्ट्रातील पहिल्या महिला म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो. वकिलीचा प्रशस्त मार्ग समोर असताना त्यांनी स्वातंत्र्यलढ्यात उडी घेतली आणि १९३२ मध्ये कारावास पत्करला. घरच्यांना हे रुचले नाही. त्यांनी पुणे सोडून मुंबई गाठली. भारत सेवक समाजाच्या त्या पहिल्या महिला आजीव सदस्य ठरल्या. साक्षरता प्रसाराबरोबरच १९३८ च्या सुमारास त्यांनी मुंबईतील मोलकरणींना संघटित केले. घराच्या चार भिंतींआड राबणाऱ्या स्त्रियांच्या श्रमाला तेव्हा श्रम म्हणून कुणी मोजतही नव्हते.

१९३९ मध्ये शामराव परुळेकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. दोघांनीही कम्युनिस्ट पक्षाचे कार्य स्वीकारले. युद्धविरोधी प्रचाराबद्दल तुरुंगवास भोगल्यानंतर हे दाम्पत्य किसान सभेच्या कामासाठी ठाणे जिल्ह्यातील वारली पाड्यांवर पोहोचले. तेथे वेठबिगारी रूढ होती. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी आयुष्यभर जमीनदाराकडे राबणाऱ्या ‘लग्नगड्या’ची अवस्था गुलामापेक्षा वेगळी नव्हती. मे १९४५ मध्ये तलासरीजवळील झरी येथे वारल्यांची मोठी परिषद झाली आणि वेठीला नकार देण्याचा निर्धार झाला. पाठोपाठ मजुरीचा प्रश्न उभा राहिला. पाचशे पौंड गवत कापण्यास अडीच रुपये मिळावेत, ही मागणी होती. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे पोलिसांनी केलेल्या गोळीबारात जेठ्या गांगडसह पाच आदिवासी ठार झाले. परंतु चळवळ थांबली नाही आणि वेठीचा पाया खचला.

१९६५ मध्ये शामरावांचे स्थानबद्धतेतच निधन झाले. गोदूताईंनी कार्य सोडले नाही. वारल्यांच्या लढ्याची हकिकत सांगणारे त्यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक १९७० मध्ये प्रसिद्ध झाले व १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यास मिळाला. १९८६ मध्ये त्या अखिल भारतीय किसान सभेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. ८ ऑक्टोबर १९९६ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली.

सोलापुरातील विडी कामगार स्त्रिया, त्यांतील बहुसंख्य तेलुगू भाषक, वर्षानुवर्षे झोपडपट्ट्यांत व भाड्याच्या एका खोलीत राहत आल्या. कारखान्यातून पान आणि तंबाखू घरी आणायची, पाने भिजवून कापायची, विड्या वळायच्या आणि हजारी दराने मजुरी घ्यायची, असा हा व्यवसाय. त्यामुळे राहते घर हीच कामाची जागा. चूल, पाळणा आणि तंबाखूचे सूप एकाच खोलीत. अशा स्त्रीसाठी स्वतःचे घर म्हणजे निवाऱ्याइतकीच हक्काची कामाची जागा होती.

कामगार संघटनेच्या दीर्घ लढ्यानंतर महिला विडी कामगारांची सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि स्वतः कामगार महिला यांच्या वाट्यातून घरे बांधली गेली. १ सप्टेंबर २००६ रोजी तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती कामगारांना समर्पित झाली. याच वाटेने पुढे रे नगरचा तीस हजार घरांचा प्रकल्प आला. त्यातील पंधरा हजार घरांचे हस्तांतरण १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले.

घर मिळाले म्हणून कष्ट संपत नाहीत. वसाहत शहराबाहेर असल्याने रोजगार, दवाखाना, बाजार यांचे अंतर वाढते आणि विडी व्यवसायालाही पूर्वीचा आधार राहिलेला नाही. तरीही घरमालकाच्या मर्जीवर बिऱ्हाड हलवण्याची पाळी येत नाही, ही निश्चिंती लहान नव्हे. मोलकरणी आणि वारली स्त्रीपुरुषांना ताठ मानेने उभे राहण्यास शिकवणाऱ्या गोदूताईंचे नाव या वसाहतीला शोभते. तिच्या गल्ल्यांत वाढणाऱ्या मुलांना मात्र त्या नावामागची स्त्री ठाऊक व्हायला हवी.