खडी-वाळूवाला इंजिनिअर आणि त्याची हॉकी टीम

हॉकी म्हटलं की आपल्याला ध्यानचंद आठवतात. कॅनडातल्या माणसाला मात्र बर्फ आठवतो! तिथली हॉकी बर्फावर, स्केट्स घालून खेळतात. आणि या हॉकीत सामन्यांइतकीच चुरस हंगाम संपल्यावर असते. कुणाला ठेवायचं, कुणाला विकायचं, कुणाच्या बदल्यात कोण घ्यायचा, करार कसा करायचा, पगार किती द्यायचा... ही सगळी गणितं उन्हाळ्यात चालतात. या गणितातला एक वस्ताद म्हणजे टोरांटोचा कॉन स्माइथ. आणि मित्रांनो, हा गडी आपल्यातलाच बरं का, चक्क सिव्हिल इंजिनिअर!

स्माइथचा जन्म १८९५ चा. टोरांटो विद्यापीठात इंजिनिअरिंग शिकत असताना पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि स्वारी सैन्यात गेली. शौर्यपदक मिळालं, पुढे विमानदलात असताना १९१७ मध्ये विमान पाडलं गेलं आणि युद्ध संपेपर्यंत तो युद्धकैदी होता. परत आल्यावर त्याने राहिलेली डिग्री पूर्ण केली (आपली एक बॅक राहिली तरी आपण हातपाय गाळतो!) आणि खडी-वाळूचा धंदा टाकला. फावल्या वेळात विद्यापीठाच्या हॉकी टीमला कोचिंग.

१९२६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये रेंजर्स नावाची नवी टीम निघाली आणि खेळाडू गोळा करायचं काम स्माइथकडे आलं. पश्चिम कॅनडातली व्यावसायिक लीग त्याच वर्षी बंद पडली होती, त्यामुळे चांगले खेळाडू मोकळे झाले होते. स्माइथने बिल आणि बन हे कुक बंधू, फ्रँक बाउचर, चिंग जॉन्सन अशी माणसं पटापट करारबद्ध केली. पण मालकमंडळींना हवा होता बेब डाय, त्या काळचा गोल करण्यात गाजलेला खेळाडू. स्माइथला तो आपल्या टीमच्या साच्यात बसणारा वाटला नाही. त्याने ठाम नकार दिला. परिणाम? हंगाम सुरू व्हायच्या आधीच स्माइथची नोकरी गेली! गंमत म्हणजे मुख्यतः त्यानेच जमवलेल्या खेळाडूंच्या जोरावर रेंजर्सने १९२८ मध्ये स्टॅनले कप जिंकला.

तोवर स्माइथ गप्प बसला नव्हता. १९२७ मध्ये त्याने भागीदार जमवून टोरांटोची सेंट पॅट्स ही टीम १,६०,००० डॉलरला घेतली आणि तिचं नाव ठेवलं मेपल लीफ्स. १९३० मध्ये त्याला ओटावाचा बचावपटू किंग क्लॅन्सी हवा होता. ओटावाचा क्लब पैशाच्या अडचणीत होता, पण स्माइथच्या संचालकांनी मंजूर केलेली रक्कम कमी पडत होती. मग काय, त्याची रेअर जुएल नावाची घोडी शर्यतीत धावली, तिच्यावर कुणाचाच भरवसा नसताना जिंकली, आणि ते पैसे कामी आले. ३५,००० डॉलर आणि वर दोन खेळाडू देऊन क्लॅन्सी टोरांटोत आला.

आता सिव्हिलवाल्यांनी कान टवकारा! जागतिक मंदी ऐन भरात असताना स्माइथने मेपल लीफ गार्डन्स हे स्टेडियम बांधायला घेतलं. १ जून १९३१ ला काम सुरू, १२ नोव्हेंबरला पहिला सामना. साडेपाच महिन्यांपेक्षाही कमी वेळ! पैसा अपुरा होता म्हणून मजुरांनी पगाराचा वीस टक्के भाग शेअर्सच्या रूपात घेतला. पहिला सामना टीम हरली, पण १९३२ मध्ये कप टोरांटोत आला. १९५१ पर्यंत असे एकूण सात कप आले.

इथपर्यंत वाचताना मी स्माइथचा फॅनच झालो होतो. पण पुढचं प्रकरण वाचून थांबलो. त्या काळच्या करारांत एक कलम असे. कराराची मुदत संपली तरी खेळाडूवरचा हक्क क्लबकडेच राहायचा. क्लब त्याला कधीही विकू शके, तो मात्र स्वतःहून दुसरीकडे जाऊ शकत नसे. १९५७ मध्ये खेळाडूंनी संघटना काढली, तेव्हा स्माइथने कडाडून विरोध केला. लीफ्सचा जिमी थॉमसन त्या संघटनेत पुढे होता. टीमबरोबर चार कप जिंकलेल्या या बचावपटूची त्याच वर्षी शिकागोला रवानगी झाली. संघटनाही वर्षभरात मोडली. खेळाडूंची टिकाऊ संघटना उभी राहिली ती १९६७ मध्ये.

हे मला एवढं का लागलं, सांगतो. मागच्या सेमिस्टरला एका कंपनीचं ऑफर लेटर माझ्या हातात आलं. दोन वर्षांचा बॉण्ड, आधी सोडलं तर पैसे भरायचे. कंपनीला मात्र एक महिन्याच्या नोटिशीवर मला काढता येणार! घरी आई-बाबा म्हणतात, मिळतंय ते घे. मी अजून सही केलेली नाही. दोन्ही बाजूंना सारखी अट ठेवा, असं पत्र मी कंपनीला पाठवलंय. उत्तर काय येईल ते येवो. थॉमसनला असं पत्र लिहायची सोयच नव्हती.

स्माइथने १९६१ मध्ये टीम विकली आणि १९८० मध्ये तो वारला. प्लेऑफमधल्या सर्वोत्तम खेळाडूला १९६५ पासून त्याच्या नावाची ट्रॉफी मिळते. त्यात मला काही गैर वाटत नाही. नाव बघून माणूस न घेता टीमला काय हवं ते बघून घ्यावं, आणि त्यासाठी नोकरी गेली तरी हटू नये, हे त्याच्याकडून शिकण्यासारखंच आहे. प्रोजेक्ट ग्रुप करताना आपण नेमके टॉपरच्या मागे धावतो की नाही? पण टीम म्हणजे फक्त बांधणाऱ्याची नसते, तीत खेळणाऱ्यांचीही असते. एवढी गोष्ट या हुशार इंजिनिअरच्या आराखड्यात राहून गेली. प्लेसमेंटच्या गडबडीत सही करण्याआधी जिमी थॉमसनलाही एकदा आठवा, एवढंच सांगणं!