खलिफांचे दोन दिवे

वाचकहो, हजरत उमर बिन अब्दुल अझीझ (रह.) यांच्या दिव्याची गोष्ट तुम्ही लहानपणी ऐकली असेल. प्रांतातून आलेला दूत रात्री खलिफांना भेटला. सरकारी मेणबत्तीच्या उजेडात ते रयतेची हकीकत विचारीत होते. ते संपल्यावर दूताने त्यांची व मुलाबाळांची खुशाली विचारली. तेव्हा त्यांनी मेणबत्ती विझविली व घरचा मिणमिणता दिवा मागविला. आपल्याकडे ही गोष्ट काटकसरीचा नमुना म्हणून सांगतात. मला तीत आणखी काही दिसते. खलिफांनी दूताला गप्प केले नाही. हाताखालच्या माणसाने आपुलकीने विचारले, त्यांनी आपुलकीने सांगितले. मात्र त्या आपुलकीचे तेल स्वतःच्या पैशाचे होते.

हे गृहस्थ गरिबीत वाढलेले नव्हते. उमय्या राजघराण्यात जन्म, आईकडून दुसरे खलिफा हजरत उमर (रजि.) यांचे पणतू, तरुणपणी उंची वस्त्रे व अत्तरे यांचे शौकीन. इ. स. ७०६ मध्ये ते मदिनेचे सुभेदार झाले. तेथे त्यांनी दहा विद्वानांना बोलावून, माझ्या कारभाऱ्यांनी कोणावर जुलूम केल्यास मला कळवीत जा, अशी विनंती केली. परंतु त्याच मदिनेत दमास्कसच्या हुकुमावरून त्यांनी हजरत अब्दुल्लाह बिन जुबैर यांचे पुत्र खुबैब यांना फटक्यांची शिक्षा दिली, अंगावर गार पाणी ओतविले, आणि खुबैब दगावले. हुकूम वरचा होता ही सबब त्यांच्या मनाने कधी मानली नाही. ही सल त्यांना जन्मभर राहिली.

इ. स. ७१७ मध्ये ते खलिफा झाले. पत्नी फातिमा ही खलिफा अब्दुल मलिक यांची कन्या. तिचे माहेरचे जवाहीर त्यांनी बैतुल मालमध्ये, म्हणजे सार्वजनिक खजिन्यात, जमा करविले. कारभाऱ्यांचे पगार मात्र त्यांनी भरघोस ठेवले. पोटाची चिंता मिटली की माणूस लोकांच्या कामाला मोकळा होतो, असे त्यांचे म्हणणे होते. पगार चांगला देऊन मग नजराणा घेण्यास बंदी. दोन्ही एकत्र, हे ध्यानात घ्या.

आता घरातले पाहा. एका रात्री रजा बिन हैवा हे विद्वान त्यांच्याकडे बसले असता दिवा मंदावला. जवळच नोकर झोपला होता. त्याला उठवू का, असे पाहुण्यांनी विचारले. दिवसभर राबलेला आहे, झोपू द्या, असे म्हणून खलिफा स्वतः उठले व तेल घालून आले. पाहुण्यालाही त्यांनी ते काम करू दिले नाही. हाच नोकरवर्गाविषयी हळवा असलेला मनुष्य दुसऱ्या प्रसंगी किती कठोर होतो! वजूसाठी रोज ऊन पाणी मिळते ते कोठून, याची चौकशी करता नोकर ते सार्वजनिक भटारखान्यात तापवून आणतो असे कळले. नोकराची माया खरी होती, पण चूल लोकांची होती. महिनाभराच्या सरपणाची किंमत त्यांनी खजिन्यात भरली.

मधाची गोष्टही तशीच सांगतात. त्यांना मधाची इच्छा झाली म्हणून फातिमाबीबींनी सरकारी टपालाच्या घोड्यावरून माणूस पाठवून दोन दीनारांचा मध आणविला. खलिफांना कळताच त्यांनी तो विकविला, पत्नीचे दोन दीनार परत दिले आणि वरची रक्कम खजिन्यात घातली. शाळेच्या शिपायाला साहेबांच्या घरची भाजी आणायला पिटाळणे आपल्याला काहीच वाटत नाही. वर त्यालाच आपण घरोबा म्हणतो! शिपाई नाही म्हणू शकत नाही, हे आपल्या लक्षातच येत नाही.

स्वतःवर लक्ष ठेवण्याचे कामही त्यांनी नोकरावरच सोपविले होते. पहाऱ्याचे प्रमुख अम्र बिन मुहाजिर यांना त्यांनी सांगून ठेवले होते की, मी वाट सोडलेली दिसलो तर माझी गळपट्टी धरून मला हलवा.

जेमतेम अडीच वर्षे खिलाफत करून ते इ. स. ७२० मध्ये वारले. विष दिले गेले, असे अनेक इतिहासकार सांगतात. हकीकत अशी की, त्यांनी गुलामाला जवळ बोलावून विचारले आणि त्याने कबुली दिली. एक हजार दीनार व मुक्ततेचे वचन यांच्या बदल्यात हे केले, असे तो म्हणाला. खलिफांनी ते दीनार आणविले व बैतुल मालमध्ये जमा केले. मग त्याला म्हणाले की, कोणाच्या नजरेस पडणार नाहीस अशा ठिकाणी निघून जा.