पुस्तकातली ॲना आणि खरी बर्था

बी.ए.ला माझा एक विषय मानसशास्त्र होता. आमच्या पुस्तकात ॲना ओ. नावाच्या मुलीवर जेमतेम दहा ओळी होत्या. व्हिएन्नातली मुलगी, वडिलांच्या दुखण्यात स्वतः आजारी पडली, डॉक्टरांशी बोलता बोलता बरी झाली, एवढंच. पाच मार्कांची टीप म्हणून मी ती पाठ केली, पेपरात लिहिली आणि लग्न होऊन सासरी आले तशी विसरूनही गेले.

पुढे सासूबाई अंथरुणाला खिळल्या. अडीच वर्षं त्यांचं सगळं मी केलं. त्या गेल्या आणि महिनाभरात माझी छाती धडधडायला लागली. रात्री श्वास अडकायचा, हातपाय गार पडायचे. ईसीजी काढला, रक्त तपासलं, सगळं नॉर्मल. डॉक्टरांनी टॉनिक लिहून दिलं, घरच्यांनी दृष्ट काढली. तेव्हा कशी कोण जाणे, ती पाच मार्कांची ॲना आठवली. वाचनालयातून मिळेल ते आणून वाचलं, तर कळलं की आपण पाठ केलेली गोष्ट अर्धीच होती.

तिचं खरं नाव बर्था पापेनहाइम. जन्म २७ फेब्रुवारी १८५९चा, व्हिएन्नाचा. घर खाऊनपिऊन सुखी, सनातनी वळणाचं ज्यू. तिच्यापेक्षा दीड वर्षानं धाकटा भाऊ विल्हेल्म शिकत राहिला, पण बर्थाची शाळा सोळाव्या वर्षी संपली. मग घरात शिवणटिपण, भरतकाम आणि लग्नाची वाट पाहणं. डोकं तर कमालीचं तल्लख. हाताला टाके आणि मनात गोष्टी, असं तिचं चालायचं. मनातलं ते नाटक शेजारी बसलेल्यालाही कळायचं नाही. (आपल्यातल्या कितीजणी भाकऱ्या थापताना हेच करतात!)

१८८०च्या उन्हाळ्यात वडील आजारी पडले. रात्रीची जागरणं बर्थाकडे आली. एका रात्री खुर्चीच्या पाठीवर हात टाकून ती बसली असताना डुलकी लागली आणि भिंतीतून एक काळा साप वडिलांकडे येतोय असं तिला दिसलं. हाकलायला जावं तर हात बधिर. तिथून पुढे एकेक सुरू झालं. खोकला, डोळ्यांना तिरळेपणा, हातपाय ताठ होणं. एक काळ असा आला, की आपली जर्मन भाषाच तिच्या तोंडून येईना, फक्त इंग्रजी यायची. आपल्याकडे असतं तर बाहेरचं काहीतरी झालंय म्हणून कुठे कुठे नेलं असतं, सांगायला नको.

डॉ. योसेफ ब्रॉयर हे व्हिएन्नातले मोठे डॉक्टर तिला बघायला येऊ लागले. त्यांनी एक वेगळी गोष्ट केली, ती म्हणजे ऐकून घेतलं. संध्याकाळी ती अर्धवट गुंगीत असायची, मनातलं सगळं सांगायची आणि मग तिला हलकं वाटायचं. एप्रिल १८८१मध्ये वडील गेले आणि दुखणं वाढलं, तरी ब्रॉयर येत राहिले. पुढे एका उन्हाळ्यात तिला पाणीच पिता येईना. पेला ओठाला लागला की ती ढकलून द्यायची. दीड महिना फळांवर काढला. एका संध्याकाळी बोलता बोलता आठवलं, की घरात राहणाऱ्या एका बाईच्या कुत्र्याला तिनं पेल्यातून पाणी पिताना पाहिलं होतं. किळस आली होती, पण सभ्यपणा म्हणून ती गप्प बसली होती. ते बोलून टाकलं, पाणी मागितलं आणि घटाघटा प्याली. या उपचाराला तिनंच इंग्रजीत टॉकिंग क्युअर असं नाव दिलं, आणि गमतीनं धुराडं झाडणं असंही म्हणायची. आज जगभर समुपदेशनाच्या खोल्यांमध्ये जे चालतं, त्याला नाव देणारी ही एक पेशंट होती!

ब्रॉयर आणि फ्रॉइड यांनी १८९५ साली हिस्टेरियावरचं पुस्तक काढलं. त्यात तिची ओळख लपवायला नावाची आद्याक्षरं एकेक घर मागे सरकवली. बी.चं ए. झालं, पी.चं ओ. पुस्तकातली ॲना बरी झाली.

खरी बर्था मात्र तेव्हा बरी झाली नव्हती. ब्रॉयर यांचे उपचार जून १८८२मध्ये संपले आणि जुलैत ती स्वित्झर्लंडमधल्या क्रॉइत्सलिंगेनच्या आरोग्यधामात दाखल होती. चेहऱ्याच्या कळांवर दिलेल्या मॉर्फिनची सवय लागली होती. १८८७पर्यंत पुन्हा पुन्हा दवाखान्यात राहावं लागलं. हे जुने कागद अभ्यासकांनी शोधून १९७२ साली जगापुढे आणले.

मग बोलण्याचा उपचार खोटा का? मला तसं वाटत नाही. आमच्या तालुक्याच्या गावी महिलांच्या समुपदेशन केंद्रात मी आता बरीच वर्षं बसते. दम कोंडतो, दातखीळ बसते म्हणून बाई येते. नवरा म्हणतो हिची नाटकं आहेत. दोन तास ती बोलते, रडते, हलकी होऊन जाते. पण जाते त्याच घरात, जिथे तिचं कुणी ऐकत नाही. आठ दिवसांनी पुन्हा तेच. म्हणून आम्ही नवऱ्याला आणि सासूलाही बोलावून समोरासमोर बसवतो. मी स्वतः जिल्ह्याच्या गावी सात महिने समुपदेशनाला जात होते. बोलण्यानं श्वास मोकळा झाला हे खरं, पण दुपारी केंद्रात जायला लागले तेव्हाच रात्रीची झोप परतली. (ज्यांना जाणं शक्य नाही त्यांच्यासाठी २०२२पासून सरकारची टेलिमानस सेवा आहे. १४४१६ला फोन करा, पैसे पडत नाहीत.)

बर्थाचंही तसंच झालं. १८८८ साली आई तिला घेऊन आपल्या माहेरी, फ्रँकफर्टला गेली. तिथे बर्था गरिबांच्या अन्नछत्रात वाढायला लागली, अनाथ मुलींना गोष्टी वाचून दाखवू लागली. ज्या १८९५ साली पुस्तकात ती रोगी म्हणून छापली गेली, त्याच साली ती मुलींच्या अनाथाश्रमाची प्रमुख झाली आणि बारा वर्षं तिनं तो चालवला. १८९९मध्ये मेरी वुलस्टनक्राफ्ट यांच्या स्त्रियांच्या हक्कांवरच्या पुस्तकाचा जर्मन अनुवाद केला. १९०४मध्ये ज्यू स्त्रियांची संघटना काढली, तिच्या सभासद पुढे पन्नास हजारांच्या घरात गेल्या. गॅलिशिया, रशिया, बाल्कन असं हिंडून तिनं लग्नाच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या मुलींचा प्रश्न मांडला. नवरा सोडून गेलाय, पण काडीमोड न दिल्यामुळे दुसरं लग्न करता येत नाही, अशा बायकांसाठी ती धर्मगुरूंशीही भांडली. आपल्याकडच्या टाकलेल्या बायका डोळ्यांपुढे येतात की नाही?

१९०७मध्ये फ्रँकफर्टजवळ नॉय-इझेनबुर्ग इथे तिनं कुमारी मातांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी घर उघडलं. शिस्त कडक, राहणी साधी. आणि आश्चर्य म्हणजे, आपल्या मुलींवर फ्रॉइडच्या पद्धतीचे मनोविश्लेषणाचे उपचार करायला तिचा सक्त विरोध असे. का, ते तिनं सांगितलं नाही. आजाराच्या त्या वर्षांबद्दल ती कधी बोललीच नाही. मला तिचं हे गप्प राहणं समजतं. आपण रोगी म्हणून कुणाच्या तरी पुस्तकात गेलो, हे कोणत्या बाईला आवडेल?

१९३६मध्ये ती कर्करोगानं खंगली होती. घरातल्या एका मुलीनं हिटलरबद्दल काही बोलल्याच्या संशयावरून गेस्टापोनं बोलावलं, तेव्हा सत्तरी उलटलेली ही बाई त्या अवस्थेतही जाऊन जबाब देऊन आली. २८ मे १९३६ रोजी ती वारली. पुढे नोव्हेंबर १९३८मध्ये नाझींच्या जमावानं तिच्या संस्थेची मुख्य इमारत जाळली आणि १९४२मध्ये उरलेल्यांना छळछावणीकडे रवाना करण्यात आलं.

ॲना म्हणजेच बर्था, हे १९५३ साली फ्रॉइडचं चरित्र लिहिणाऱ्या अर्नेस्ट जोन्स यांनी छापून टाकलं. पुढच्याच वर्षी पश्चिम जर्मनीनं माणसांना मदत करणाऱ्यांच्या मालिकेत तिचं टपाल तिकीट काढलं. त्यावर नाव आहे ते बर्था पापेनहाइम.