पहिला ‘वेदर अपडेट’ देणारा कॅप्टन

डिसेंबरमध्ये मनालीचा प्लॅन ठरला की बॅग भरण्याआधी आपण मोबाइलवर हवामान बघतो. बर्फ पडेल का? दिल्लीच्या धुक्यात ट्रेन किती लेट होईल? अंदाज चुकला की लगेच मीम्स सुरू! ही थट्टा सगळ्यात आधी ज्यांच्या वाट्याला आली, ते होते रॉबर्ट फिट्झरॉय.

जन्म ५ जुलै १८०५, इंग्लंडमधल्या सफोकचा. घराणं उमरावाचं. बाराव्या वर्षी ते नौदलाच्या कॉलेजात गेले आणि तेविसाव्या वर्षी ‘बीगल’ जहाजाचे कॅप्टन झाले. १८३१ ते १८३६ या काळात याच जहाजावरून चार्ल्स डार्विन जगभर फिरला, ते फिट्झरॉय यांच्याच सोबतीनं.

१८५४ मध्ये त्यांच्याकडे हवामानाच्या नोंदींचं एक छोटंसं सरकारी खातं आलं. काम होतं जहाजांकडून आकडे गोळा करायचं. पुढचं हवामान सांगायला कुणी सांगितलंच नव्हतं.

मग आला ऑक्टोबर १८५९. मेलबर्नहून लिव्हरपूलला निघालेलं ‘रॉयल चार्टर’ जवळपास पोहोचलंच होतं. ऑस्ट्रेलियात सोनं कमावलेले कित्येक जण त्यातून घरी परतत होते. वेल्सच्या अँगलसी बेटापाशी वादळानं जहाज खडकांवर आपटलं आणि चारशेहून जास्त माणसं गेली. घर अगदी हाकेच्या अंतरावर असताना!

फिट्झरॉय यांच्या मनातून हे जाईना. वादळ एका ठिकाणाहून दुसरीकडे सरकतं आणि तार वादळापेक्षा वेगानं जाते. मग पुढच्या बंदराला आधीच का कळवू नये? त्यांनी बंदरांवरून तारेनं नोंदी मागवायला सुरुवात केली. फेब्रुवारी १८६१ पासून वादळाचे इशारे जाऊ लागले. इशारा आला की बंदरातल्या खांबावर शंकू किंवा पिंपाच्या आकाराची खूण चढायची. १ ऑगस्ट १८६१ रोजी ‘द टाइम्स’मध्ये लोकांसाठी पहिला अंदाज छापून आला. हे भविष्य नाही, अंदाज आहे, असं ते आवर्जून सांगत. पुढे आइल ऑफ वाइटच्या महालात सुट्टीला जाण्याआधी राणी व्हिक्टोरियाही त्यांच्याकडे निरोप पाठवून समुद्र कसा असेल ते विचारायची.

पण अंदाज चुकायचेही. ब्रिटनचं हवामान बहुतेक वेळा पश्चिमेकडून, अटलांटिकवरून येतं आणि तिथून तार येण्याची सोयच नव्हती. वर्तमानपत्रांनी टर उडवली, शास्त्रज्ञांनी नाकं मुरडली. इशाऱ्यामुळे बोटी बंदरात अडकल्या की मासेमारीचे मालक चिडायचे. खलाशांना मात्र इशारे हवे होते. त्यातच पैसा संपत आलेला, तब्येत ढासळलेली आणि मन खचलेलं. ३० एप्रिल १८६५ रोजी, साठी गाठायला दोन महिने असताना, त्यांनी आयुष्य संपवलं. कुटुंबासाठी मित्रांनी वर्गणी काढली, त्यात डार्विनही होता.

१८६६ मध्ये अंदाज आणि इशारे दोन्ही बंद झाले. वर्षभरात इशाऱ्यांची मागणी इतकी वाढली, की ते परत सुरू करावे लागले. रोजचे अंदाज मात्र १८७९ मध्ये परतले. २००२ मध्ये ब्रिटिश हवामान खात्यानं समुद्राच्या एका भागाला ‘फिट्झरॉय’ हे नाव दिलं.

तेव्हा यंदा ट्रिपला निघताना अंदाज नक्की बघा. चुकला तर वैतागाही, पण इशारा आला असेल तर एक दिवस उशिरा निघा. घरी सुखरूप पोहोचावं, एवढ्यासाठीच तर हा सगळा खटाटोप सुरू झाला होता.