श्यामची आई आणि मोळीवाली म्हातारी

९ फेब्रुवारी १९३३ रोजी नाशिकच्या तुरुंगात एका सत्याग्रही कैद्याने आईच्या आठवणी लिहायला घेतल्या आणि १३ तारखेपर्यंत ‘श्यामची आई’चा बहुतेक भाग लिहून झाला. अवघे पाच दिवस! नव्वद वर्षे उलटली तरी ते पुस्तक खपते आहे. आमच्या भोसरी-चाकण पट्ट्यात खानदेशातून, कोकणातून, मराठवाड्यातून पोटासाठी आलेल्या माणसांच्या दहा बाय दहाच्या खोल्यांतही मी ते पाहिले आहे.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ चा, दापोलीजवळच्या पालगडचा. घराणे खोताचे, पण कर्जात बुडालेले. मुलगा शिक्षणासाठी गावोगाव फिरला आणि १९१७ मध्ये आई गेली तेव्हा तो तिच्याजवळ नव्हता. आमच्याकडे पाळी सोडून रात्रीची एसटी पकडणाऱ्या माणसाला ही चुकामूक समजावून सांगावी लागत नाही. पुस्तक रडके आहे, असे नाक मुरडणारे पुष्कळ भेटतात. मला वाटते, त्यांनी त्यातला दाराशी बसलेला सावकाराचा माणूस नीट पाहिलेलाच नाही. दारिद्र्यात अब्रू कशी सांभाळायची, हा त्या घरापुढचा खरा पेच आहे आणि तो कुठल्याही मुलखातल्या मुलाला कळतो. खुद्द गुरुजींनी जॉर्ज इलियटचा विणकर ‘मनुबाबा’ करून मराठी मुलांच्या हाती दिला, तो काय उगीच?

१९२४ पासून सहा वर्षे ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. वसतिगृहातल्या मुलांचे कपडे गुपचूप धुऊन ठेवणारा हा मास्तर १९३० मध्ये नोकरी सोडून सत्याग्रहात उतरला. पुढे तुरुंगवास, शेतकरी-कामगारांच्या चळवळी, आणि सतत लेखन.

पण मला एक प्रसंग नेहमी अडवतो. म्हाताऱ्या महार बाईची मोळी खाली पडते. श्यामची आई त्याला ती उचलून द्यायला सांगते, आणि नंतर आंघोळ करायलाही. मोठ्यांना तो वात्सल्याचा प्रसंग वाटतो. शेजारच्या सहावीतल्या मुलीला मी तो वाचून दाखवला, तर तिने विचारले, आंघोळ कशाला? आमच्या खोल्यांत सगळ्या जातींची माणसे एकाच नळावर पाणी भरतात, तिथे हा प्रश्न येणारच. मी उत्तर म्हणून तिला मे १९४७ ची हकीकत सांगितली. पंढरपूरच्या विठ्ठलाचे दार हरिजनांना उघडावे म्हणून गुरुजी प्राणांतिक उपोषणाला बसले. दहा दिवसांनी मंदिर खुले करण्याचे ठरले, तेव्हा ते सुटले. आई जिथे थांबली होती, तिथून मुलगा पुढे गेला होता.

१५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच आपले जीवन संपवले. ही गोष्ट मी त्या मुलीला अजून सांगितलेली नाही.