गदिमा : ज्यांची गाणी ऐकायलाच हवीत

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मला आवडत्या गाण्यांवर लिहायला सांगितलं. गाण्यांची यादी कोणीही करील, आणि मोबाईलवर तर ती आपोआपच तयार होते. यादी करायला बसलो तेव्हा माझ्या लक्षात आलं की पहिल्या दहातली सात गाणी एकाच माणसाची आहेत. तेव्हा त्या माणसाबद्दलच लिहावं असं ठरवलं. ग. दि. माडगूळकर, म्हणजेच आपले गदिमा.

आपल्या सोसायटीच्या गणेशोत्सवात दरवर्षी अंताक्षरी होते. त्यात मोरावरचं बालगीत येतं, आगगाडीचं येतं, जत्रेत कानातली बुगडी हरवल्याची लावणी येते आणि शेवटी भजनी मंडळाच्या भगिनी इंद्रायणीकाठच्या आळंदीचा तो अभंग म्हणतात. चारही गाणी गदिमांची! गेल्या वर्षी मी मुलांना विचारलं, हे कोणी लिहिलं? लता, आशा, पु. ल., ज्ञानेश्वर, तुकाराम अशी सगळी नावं आली, फक्त गदिमांचं नाव आलं नाही. मुलांना दोष नाही. आपल्या कॉलनीतली निम्मी मुलं इंग्रजी माध्यमात आहेत आणि गाण्याखाली कवीचं नाव छापायची पद्धत मोबाईलवाल्यांनी पाळलेली नाही.

त्या अभंगाचं थोडं सांगतो. तो कोणा संताचा नाही. १९५३ साली पु. ल. देशपांड्यांनी 'गुळाचा गणपती' हा चित्रपट काढला, त्यासाठी गदिमांनी तो लिहिला, चाल पु. लं.ची आणि आवाज भीमसेन जोशींचा. सिनेमातलं गाणं वारकऱ्यांच्या तोंडी जाऊन बसलं. लिहिणाऱ्याचं नाव पुसलं जाऊन गाणं संतवाणीत जमा व्हावं, यापेक्षा मोठी पदवी कवीला कोणतं विद्यापीठ देणार?

गदिमांचा जन्म १ ऑक्टोबर १९१९ चा, शेटफळे गावचा, आजच्या सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी भागातला. त्यांचं मूळ गाव माडगुळे. हा सगळा माणदेश, म्हणजे दुष्काळी मुलूख. आपल्याकडे चार महिने कपडे वाळत नाहीत, तिकडे चार थेंबांसाठी आभाळाकडे बघत बसायचं. वडील औंध संस्थानात कारकुनी करायचे, घरात खाणारी तोंडं पुष्कळ. शिक्षण औंधला झालं. पण मॅट्रिकला गणिताने घात केला आणि शिक्षण तिथेच थांबलं. आमच्या बँकेच्या नियमाप्रमाणे या माणसाला साध्या क्लार्कच्या जागेसाठीही अर्ज करता आला नसता! पुढे त्याच माणसाच्या कवितांवर लोकांनी पीएच. डी. केल्या.

पोटासाठी ते कोल्हापूरला गेले. मास्टर विनायकांच्या हंस पिक्चर्समध्ये पडेल ते काम केलं, लहानसहान भूमिका केल्या. वि. स. खांडेकरांचे लेखनिक म्हणूनही काम केलं. खांडेकर सांगायचे, हे उतरवून घ्यायचे. मला वाटतं त्यांचं खरं कॉलेज ते. १९४२ च्या सुमाराला चित्रपटांसाठी गाणी लिहायला सुरुवात झाली. त्याच काळात शाहीर शंकरराव निकमांसाठी त्यांनी स्वातंत्र्याचे पोवाडेही रचले. १९४७ साली 'लोकशाहीर राम जोशी' आला आणि नाव घरोघर झालं.

आणि लगेच १९४८ साल आलं. गांधीजींच्या हत्येनंतर गावोगाव जाळपोळ झाली, त्यात माडगुळ्यातलं त्यांचं घर जळालं. धाकटे बंधू व्यंकटेश माडगूळकर यांची 'वावटळ' ही कादंबरी त्याच दिवसांवर आहे, आपल्या वाचनालयात असेल तर जरूर वाचा. मला या ठिकाणी नेहमी थांबायला होतं. कष्टाने उभं केलेलं घर आपल्याच गावात जळालं तर माणूस काय करील? गावाचं नाव टाकील, नाही तर आयुष्यभर कडू बोलेल. गदिमांच्या पुढच्या तीस वर्षांच्या गाण्यांत मी तो कडूपणा शोधला आहे, मला तो सापडला नाही. उलट गाव, माती, जत्रा, वारी, तमाशा, पाऊस यांवरची त्यांची उत्तम गाणी त्यानंतरचीच. माडगुळ्याच्या रानात 'बामणाचा पत्रा' म्हणून एक साधी खोली होती, पुण्याहून उठून ते तिथे लिहायला जाऊन बसत. ज्या गावात घर जळालं त्याच गावात! जुलै २०२१ चा पूर आपल्या महाडकरांनी पाहिला आहे. बाजारपेठेतल्या माझ्या एका स्नेह्यांचं तळमजल्यावरचं सगळं गेलं, चाळीस वर्षं जमवलेल्या कॅसेटसुद्धा चिखलात गेल्या. मुलगा पुण्याला बोलावत होता. ते गेले नाहीत, भिंती धुऊन पुन्हा तिथेच राहिले. त्यांच्याकडे बघताना मला गदिमा आठवतात.

पुण्यात मुंबई रस्त्यावर वाकडेवाडीला त्यांनी घर घेतलं, त्याचं नाव 'पंचवटी'. राजा परांजपे दिग्दर्शक, सुधीर फडके संगीतकार आणि कथा-पटकथा-संवाद-गीतं गदिमांची, या तिघांनी मराठी सिनेमाचा एक काळच गाजवला. 'लाखाची गोष्ट', 'पेडगावचे शहाणे', 'जगाच्या पाठीवर'. मराठी चित्रपटांची संख्या दीडशेच्या आसपास जाते. हिंदीतही व्ही. शांतारामांच्या 'दो आँखें बारह हाथ'ची कथा त्यांचीच. त्या चित्रपटाला १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवात बक्षीस मिळालं. 'सांगत्ये ऐका' तर पुण्याच्या विजयानंदला १३१ आठवडे चालला, वर सांगितलेली बुगडीची लावणी त्यातलीच.

पण खरी गोष्ट गीतरामायणाची.

पुणे आकाशवाणीवर सीताकांत लाड हे अधिकारी होते. दर आठवड्याला एक गाणं, वर्षभर, असा संगीताचा कार्यक्रम करायचं त्यांच्या मनात आलं. गदिमांनी रामकथा निवडली. वाल्मीकींचे चोवीस हजार श्लोक, त्यातून वर्षभराची गाणी काढायची, आणि प्रत्येक गाणं रामकथेतल्या कोणाच्या तरी तोंडी. पहिलं गाणं १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या शुक्रवारी सकाळी पावणेनऊला लागलं. त्या वर्षी अधिक महिना आला, त्यामुळे बावन्नची छप्पन्न गाणी झाली आणि पुढच्या रामनवमीला, १९ एप्रिल १९५६ ला, मालिका संपली. कवी आणि संगीतकार दोघेही १९१९ चे, दोघांची वयं पस्तिशीची!

पहिल्याच गाण्याचा एक किस्सा पुण्यात अजून रंगवून सांगतात. प्रसारणाच्या तोंडावर गाण्याचा कागद हरवला. गदिमा म्हणे वैतागले, पुन्हा लिहायला तयार होईनात. लाडांनी त्यांना एका खोलीत बसवून बाहेरून कडी घातली, आणि थोड्या वेळात नवं गाणं तयार. यात मीठमसाला किती हे देव जाणे. पण दर आठवड्याला, नेमक्या मुदतीत, एकदाही न चुकता, हे मात्र शंभर टक्के खरं. मी आयुष्यभर तिमाही विवरणपत्रं पाठवली आहेत, मुदत म्हणजे काय हे मला विचारा. छप्पन्न आठवड्यांत एकही गाणं भरतीचं नाही.

मी तेव्हा वाईला दुसरी-तिसरीत होतो. आमच्या आळीत रेडिओ एकाच घरी. शुक्रवारी सकाळी त्या ओसरीवर आळी जमायची, माझी आजी चपला बाहेर काढून बसायची आणि रेडिओपुढे उदबत्ती लावायची. असं महाराष्ट्रभर चालत होतं. पुढे अनेक भारतीय भाषांत गीतरामायण गेलं, तेही मूळ चालींवर गाता येईल असं.

आता शिफारस. छप्पन्न एकदम ऐकू नका, पोट भरतं पण चव लागत नाही. आधी सीतेचं ते ऐका, जिथे रानात सोडून निघालेल्या लक्ष्मणाला ती जायचं कुठे असं विचारते. मग चित्रकूटावर राम भरताला समजावतो ते, माणसाच्या हातात किती आणि नियतीच्या हातात किती यावरचं. माझी पत्नी गेली त्या वर्षी मी ते रोज ऐकत असे. समजूत पटली असं नाही म्हणणार, पण सोबत झाली. आणि वानर सेतू बांधतात ते समूहगीत. ऑगस्ट २०१६ मध्ये सावित्रीवरचा जुना पूल दोन एसटी गाड्यांसह गेला, तेव्हा महिनाभर आपल्या कॉलनीत कोणी मोठ्याने हसत नव्हतं. जून २०१७ मध्ये नवा पूल सुरू झाला त्या दिवशी मी ते गाणं लावलं होतं. दगड वाहणाऱ्यांचं गाणं आहे ते, एमआयडीसीत पाळी करणाऱ्या माणसाला लगेच कळतं.

चित्रपटातली दोन सुचवतो. 'जगाच्या पाठीवर' मधलं, सुधीर फडक्यांनी गायलेलं, सुखदुःखाच्या धाग्यांनी विणलेल्या वस्त्राचं. आणि लहानांसाठी कुरूप बदकाच्या पिल्लाचं. अँडरसनची परदेशी गोष्ट, पण गाण्यात ती आपल्या गावच्या तळ्यातली झाली आहे. ज्या घरात एखादं मूल अबोल आहे, मागे पडतंय, त्या घरात ते जरूर लावा. एक सांगतो, मराठी गाणं म्हणजे फक्त गदिमा नव्हेत. २० मार्चला आपल्या महाडात चवदार तळ्यावर जी भीमगीतं ऐकू येतात ती तितकीच आपली आहेत, त्यांच्यावर कोणी जाणकाराने पुढच्या स्मरणिकेत लिहावं.

बारा वर्षं गदिमा विधान परिषदेवर होते, १९६९ साली पद्मश्री झाली, १९७३ ला यवतमाळच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. तरी सिनेमाची गाणी लिहिणारा म्हणून काही विद्वान नाक मुरडायचे. 'जोगिया' हा त्यांचा कवितासंग्रह त्यांनी उघडून पाहिला होता की नाही, कोण जाणे. १४ डिसेंबर १९७७ ला पुण्यात ते गेले, वय अवघं अठ्ठावन्न. म्हणजे आमच्या निवृत्तीच्या वयाचेसुद्धा झाले नव्हते. पुढे पुण्यात त्यांचं स्मारक व्हावं म्हणून घरच्यांना आणि रसिकांना वर्षानुवर्षं मागणी करावी लागली, आंदोलन करावं लागलं.

स्मारक आपल्या हातात नाही. पण सोसायटीचा हॉल आहे, गणपतीसाठी घेतलेला स्पीकर वर्षातले साडेअकरा महिने कपाटात पडून असतो. सेक्रेटरींशी मी बोललो आहे, त्यांची हरकत नाही. येत्या रामनवमीपासून दर शनिवारी संध्याकाळी साडेसहाला एक गाणं लावायचं, आधी त्याचा प्रसंग मुलांना सोप्या मराठीत सांगायचा, आणि गाणं संपलं की घरी जायचं. पंधरा मिनिटांचा मामला आहे. दुसऱ्या पाळीला जाणाऱ्यांसाठी तेच गाणं रविवारी सकाळी पुन्हा लावू. प्रसंग सांगायला मी आहेच, पण छप्पन्न आठवडे एकट्याचा घसा टिकणार नाही. ज्यांना एखादं गाणं सांगायला आवडेल त्यांनी ए विंगच्या जिन्याखाली लावलेल्या कागदावर आपलं नाव आणि फ्लॅट नंबर लिहावा. सेतूचं गाणं मात्र मी माझ्याकडे ठेवलं आहे.