मेंदूच्या लहरी टिपणारे डॉ. हान्स बर्गर



आपल्या पेडणे तालुक्यात कुणाला फिट आली की कांदा किंवा चप्पल हुंगवायला धावणारी माणसे अजून भेटतात. त्याचा काहीही उपयोग नसतो. रुग्णाला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये आणि पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर १०८ ला फोन करावा. फिट म्हणजे मेंदूतील विजेचा गोंधळ. ही वीज माणसाच्या डोक्यावरून प्रथम कागदावर उतरवली जर्मनीच्या डॉ. हान्स बर्गर यांनी.

त्यांचा जन्म १८७३ चा. तरुणपणी लष्करी सेवेत ते घोड्यावरून पडले व तोफेच्या गाड्याखाली सापडता सापडता वाचले. त्याच दिवशी घरून तार आली, कारण दूर असलेल्या बहिणीला अचानक त्यांची काळजी वाटू लागली होती. एकाचे मन दुसऱ्याला कसे कळते, या कोड्यापायी ते वैद्यकाकडे वळले. कोडे काही सुटले नाही, शोध लागला तो निराळाच.

येना येथील मनोरुग्णालयाचे ते प्रमुख होते. १९२४ साली, कवटीचे हाड काढलेल्या एका मुलाच्या डोक्यावर तारा लावून त्यांनी पहिली नोंद घेतली. पुढे स्वतःच्या मुलावरही प्रयोग केले. ही वीज मेंदूचीच की रक्ताच्या ठोक्याची, हे तपासण्यात पाच वर्षे गेली. १९२९ मध्ये निबंध छापला, तरी फारसा कुणाचा विश्वास बसला नाही. १९३४ साली केंब्रिजच्या एड्रियन यांनी तोच प्रयोग केला, तेव्हा जग वळले.

एक गोष्ट लपवून चरित्र सांगणे मला पटत नाही. हिटलरच्या राजवटीत अपस्माराच्या रुग्णांना मूल होऊ नये म्हणून सक्तीने शस्त्रक्रिया करण्याचा कायदा झाला. असे खटले चालवणाऱ्या न्यायालयात बर्गर सदस्य होते. ज्यांच्या आजाराचे चित्र त्यांच्या यंत्राने दाखवले, त्यांच्याच विरुद्ध हा न्याय! १९४१ साली नैराश्याच्या आजारात त्यांचा अंत झाला.

त्यांचे यंत्र, म्हणजे ई.ई.जी., आज अतिदक्षता विभागातही लागते. डोक्याला मार, मेंदूज्वर किंवा हृदय बंद पडल्यानंतर बेशुद्ध झालेला रुग्ण शांत पडलेला दिसतो. हात हलत नाही, पाय हलत नाही, पण आत मेंदूत फिट चालूच असू शकते. नुसत्या डोळ्यांनी ती डॉक्टरांनाही ओळखता येत नाही. थोडा वेळ घेतलेल्या नोंदीतूनही ती निसटते, म्हणून कधी कधी तारा दिवसभर, रात्रभर लावून ठेवतात. लहरी बिघडलेल्या दिसल्या की औषध बदलता येते.